सूचनेमागचा फ्लॅट नंबर

"आक्का, काल रात्री आवाज आला का तुमच्याकडे?"

"आवाज? आळंदी रोडला ऐकू गेला आसंल! आमच्या खोल्यांवरची पोरं गॅलरीत येऊन हुबी ऱ्हायली. एक म्हनला, आजी, पोलिसांना फोन लावू का?"

"पोलीस कशाला! जनरल बॉडी होती. सोसायटीचे उपविधी बदलायचेत."

"म्हंजी नियमच ना? मग येवढं वरडायचं काय त्यात? नियम काय पळून चाललेत?"

आता हे आक्कांना कसं सांगायचं! कंपाउंड वॉलच्या पलीकडे, पूर्वी गोठा होता तिथे त्यांच्या दहा खोल्या आहेत. भाडं पाच तारखेला द्यायचं आणि दारू पिऊन आला तर सामान बाहेर, एवढेच त्यांचे नियम. कागदावर काही नाही, आणि दुरुस्तीची वेळ कधी आलेली नाही. अलीकडे आम्ही. चौसष्ट फ्लॅट, दीडशेच्या वर कलमं, आणि ती वाचलेली माणसं दोन. त्यातले एक आमचे ऑडिटर, म्हणजे सभासदही नव्हेत.

सुरुवात त्यांच्याच शेऱ्यापासून झाली. आमची सोसायटी नोंदली गेली तेव्हाची उपविधींची पुस्तिका अजून तशीच चालू आहे. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग, आत कोणीतरी पेन्सिलीने मांडलेला टँकरचा हिशेब. दरम्यान 2013 साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात मोठे बदल झाले, 2014 साली नवे आदर्श उपविधी आले, 2019 साली तर गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात 154-ब कलमांचं वेगळं प्रकरणच घातलं. ऑडिटर म्हणाले, नवे उपविधी स्वीकारा, नाहीतर पुढच्या वर्षीही हाच शेरा मारावा लागेल.

"सरकारनं नियम छापून दिलेत, तर घ्यायचे आन् गप बसायचं," आक्का म्हणाल्या.

करायचं एवढंच होतं. पण आमच्या चेअरमनना लोकशाहीची फार हौस. त्यांनी वॉचमनच्या केबिनमध्ये फरसाणाचा एक पत्र्याचा डबा ठेवला आणि बोर्डावर लिहिलं, 'सभासदांनी उपविधींबाबत सूचना टाकाव्यात. नाव लिहिण्याची सक्ती नाही.' शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. एरवी मेंटेनन्सची पावती न्यायला ज्यांना वेळ होत नाही त्यांनी फुलस्केप भरून सूचना टाकल्या.

मी समितीत आहे. कशी, तर अकरा जणांच्या समितीत दोन जागा महिलांना राखीव, आणि उभी राहणारी तिसरी कोणी निघाली नाही. त्यामुळे डबा माझ्या डायनिंग टेबलावर आला. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की उपविधी म्हणजे शेजाऱ्याचं नाव न घेता त्याच्यावर करायचा कायदा. एकाही चिठ्ठीत कोणाचं नाव नव्हतं, पण प्रत्येक सूचनेमागे एक फ्लॅट नंबर होता, आणि तो मला न विचारता कळत होता.

"सांग की मग एकेक," आक्कांनी सूप मांडीवर घेतलं. त्या ज्वारी निवडायला बसल्या की घाई नसते.

पहिली चिठ्ठी तळमजल्याच्या काकांची. 'जे लिफ्ट वापरत नाहीत त्यांच्याकडून लिफ्टचा खर्च घेऊ नये.' ही मागणी जुनी आहे, आणि तिचं उत्तरही जुन्याच पुस्तिकेत आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांनी खर्च सारखा वाटून घ्यायचा, कोणी वापरो न वापरो. काका सभेत उठून म्हणाले, "मी आयुष्यात त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेलं नाही."

"आन् त्याची बायकू?" आक्का म्हणाल्या. "उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायला काय उडत जाती? मला हितनं दिसतं की समदं!"

तसंच वन बीएचकेवाल्यांचं. त्यांचं म्हणणं, आमचं घर लहान, मग वॉचमनचा पगार टू बीएचकेइतकाच का? तर सहकारी सोसायटीत सेवा शुल्क सर्वांना सारखं, वॉचमन काही मोठ्या घरावर जास्त वेळ जागत नाही. माझी बहीण सांगवीला राहते, त्यांची सोसायटी नाही, 1970 च्या कायद्याखालची अपार्टमेंट आहे. तिथे खर्च हिश्श्याप्रमाणे पडतो, आणि तिथे मोठ्या घरांची कुरकुर असते. कुरकुर काही चुकत नाही, फक्त तिचा मजला बदलतो.

मग आला कुत्रा. फुलस्केपची दोन्ही पानं भरून. सोसायटीत कुत्रा पाळण्यास बंदी, असलेला तीन महिन्यांत हलवावा, लिफ्टमध्ये नेल्यास दंड. आमच्या आवारात कुत्रा एकच, तीनशे एकचा. तांबूस, लठ्ठ, पंधरा ऑगस्टच्या बँडलाही न भुंकणारा. लिहिणारे दोनशे एक.

"दोनशे एकला काय चावला का त्यो?"

"अहो आक्का, त्याला कशाला चावेल! तीनशे एकचं बाथरूम दोनशे एकच्या बेडरूममध्ये गळतंय दोन पावसाळे."

मी स्वतः जाऊन बघितलंय. कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात पोपडे आलेत, लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटलीत. तीनशे एक म्हणतात, आमच्या फरशीला काही झालेलं नाही, बाहेरून पाणी मुरतंय, सोसायटीने बघावं. आता नियम यात अगदी सरळ आहे. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून पाणी आलं तर दुरुस्ती सोसायटीची. घरातल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. प्लंबर आणून रंगीत पाणी ओतलं की एका दिवसात निकाल. पण दोन वर्षं दोघे बोलतच नाहीत, म्हणून राग कुत्र्यावर निघाला. बरं, कुत्र्याला बंदी घालताही येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत, बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी आणता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. मालकाने घाण उचलावी, दोरी धरावी, हे सांगता येतं. तीनशे एक तर पिशवी घेऊनच फिरतात.

तरी चेअरमननी ती सूचना सभेत वाचली. वीस मिनिटं गेली. शेवटी दोनशे एकच्या वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "कुत्रा राहू द्या हो, आधी आमचं छत बघा." पहिल्यांदाच खरं काय ते बोललं गेलं. प्लंबर रविवारी येतोय.

"आन् त्यो टेम्पो? त्याच्यावर कुनी लिहिलं न्हाई?"

लिहिलं नाही कसं! चारशे चारचा छोटा हत्ती. त्यांचं एमआयडीसीत एस ब्लॉकला लहानसं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिलिंग. रात्री माल भरलेला टेम्पो आवारात लावतात आणि सकाळी सहाला काढतात. लेथवर लोखंड कातताना निघतात ती स्प्रिंगसारखी वेटोळी कात्रणं टेम्पोच्या फाळक्यातून सांडतात. दिसायला निळसर-सोनेरी, लहान मुलं गोळा करतात, आणि टायरात घुसली की संपलं. आमच्या अंगणात या वर्षी किती स्कूटर पंक्चर झाल्या असतील त्याची गणती पंक्चरवाल्याला विचारा, तो चारशे चारला लांबूनच नमस्कार करतो.

सूचना होती, 'व्यावसायिक वाहनास आवारात मज्जाव.' ऐकायला चांगली. पण मग पाचशे दोनची टुरिस्ट परवान्याची पिवळ्या पाटीची गाडी? ती पण व्यावसायिक. दोनशे चारचा मुलगा मोटरसायकलवर पार्सलं पोहोचवतो, ती? आमच्या भोसरीत व्यावसायिक वाहनं बाहेर काढायची म्हटली तर आवारात तुळशीवृंदावन तेवढं उरेल.

पार्किंगचं खरं भांडण त्याच्याही आधीचं आहे. बिल्डरने काही जणांना खांबांमधली जागा वेगळे पैसे घेऊन 'विकली', साध्या पावतीवर. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगून टाकलं की खांबांमधलं पार्किंग बिल्डरला असं स्वतंत्र विकता येत नाही, ती सर्वांची सामाईक जागा. तो निकाल मुंबईच्याच एका सोसायटीच्या भांडणातला. आदर्श उपविधी म्हणतात, जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाका. हे वाचून दाखवलं तेव्हा सभेत जी शांतता पसरली ती शोकसभेतही नसते. मग पावतीवाले सात जण एकदम उठले. तुमच्या पोरांनी ऐकला तो आवाज बहुतेक तोच.

"न्हाई," आक्का म्हणाल्या, "त्याच्या आदी एक बापय लई तावातावानं बोलत व्हता. इंग्रजीतनं."

ते सहाशे तीन! ती तर सगळ्यात मोठी गंमत. त्यांनी गेल्या वर्षी रिसेलमध्ये फ्लॅट घेतला. काल पहिल्या मिनिटापासून माइक त्यांच्याकडे. कलम अमुक, पोटकलम तमुक, ठराव असा नव्हे तसा लिहा. आम्हालाही वाटलं, बरं झालं, कोणीतरी वाचलेलं माणूस आलं. मतदानाला हात वर केला, तर सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर! 2021 पासून बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती त्यांनी घेतली. सहयोगी सभासदाचा फॉर्म भरलेला नाही. आणि सोसायटीत प्रॉक्सी चालत नाही. सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, ताईंना बोलावता का खाली?" ताई आल्या, हाताला कणीक लागलेली. विषय काय, एवढंच विचारलं आणि नवऱ्याच्या बरोबर उलट मत देऊन पोळ्या लाटायला निघून गेल्या.

आक्का इतक्या हसल्या की सुपातली ज्वारी सांडली. "एक टक्का वाचिवला, शंभर टक्के गेला!"

हसून झाल्यावर मी जरा जपून पुढच्या चिठ्ठीकडे वळले, कारण त्या चिठ्ठीमागचा फ्लॅट नंबर आक्कांचा होता. एक नाही, आठ. आमची इमारत उभी आहे ती जमीन आक्कांच्या घरची. पूर्वी इथे बाजरी व्हायची. जमीन बिल्डरला दिली तेव्हा मोबदल्यात आठ फ्लॅट मिळाले, मुलाच्या नावावर आहेत, आणि आठही भाड्याने. राहतात ती मुलं नांदेडची, यवतमाळची, बिहारची, चाकणच्या कंपन्यांत कामाला. पहाटे पाचच्या सुमारास कंपनीच्या बससाठी चौकात जातात, जिन्यात बुटांचा आवाज होतो. झोपमोड होते हे खरं. चिठ्ठी अशी, 'अविवाहितांना फ्लॅट देऊ नये. भाडेकरू असलेल्या फ्लॅटला मेंटेनन्स दुप्पट करावा. पाणीपट्टी माणशी घ्यावी.'

"कोनी लिहिलं?" ज्वारीवरचा हात थांबला.

"नाव नाही चिठ्ठीवर."

"अक्षर असंल की."

मी अक्षराचं बोलले नाही, नियमाचं बोलले. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, करार नोंदवायचा, त्याची प्रत सोसायटीला द्यायची आणि पोलीस चौकीला कळवायचं. अविवाहितांना बंदी असं आदर्श उपविधींत कुठेही नाही. दुप्पट मेंटेनन्स तर विसराच. मालक स्वतः राहत नसला की लावायचं ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हे सरकारने 1 ऑगस्ट 2001 लाच ठरवून दिलंय. आमचं सेवा शुल्क बाराशे, म्हणजे फार तर एकशे वीस रुपये. मुलगी-जावई राहत असतील तर तेही नाही. आणि पाणी मोजायचं ते घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर, डोक्यांवर नाही.

"आमची पोरं सा-सा असत्यात एका फ्लॅटात," आक्का स्वतःच म्हणाल्या. "पानी जास्तच लागतं. खोटं कशाला बोलू."

हे मात्र मला आवडलं. 2019 च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतंय, मे महिन्यात टँकर लागतात, आणि सहा जण आंघोळ करणार त्या घराला दोघांच्या घराइतकीच पट्टी, हे दोघांच्या घराला टोचणारच. त्या चिठ्ठीतलं दुप्पट मेंटेनन्स हा निव्वळ आकस आहे, पण पाण्याचं गाऱ्हाणं खरं आहे. पोरांना गच्चीवर कपडे धुवायला बंदी करू, टाकी वाहिली तर फ्लॅटमालकाला कळवू, एवढं आपसात ठरवता येईल. त्याला उपविधी कशाला हवेत?

एक चिठ्ठी मात्र मी सभेत वाचूच दिली नाही. 'राहत्या घरात धंदा करण्यास सक्त मनाई.' हा नंबर एकशे चार. तिथल्या वहिनी कंपनीतून रबराचे पार्ट पोत्याने आणतात, आणि दुपारी चार-पाच बायका बसून त्यांच्या कडेची जास्तीची पापडी ब्लेडने कापून काढतात. नगावर पैसे. भोसरीत असं काम किती घरांत चालतं हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे, त्याच्या घरातलं शाळेचं दप्तर कदाचित त्यातूनच आलं असेल. विनापरवानगी घराचा वापर बदलू नये हे कलम पुस्तिकेत आहेच, पण चटईवर बसून रबर कापणं म्हणजे कारखाना काढणं नव्हे. चेअरमननी विचारलं, एक चिठ्ठी कमी का? मी म्हटलं, फरसाणाच्या तेलाने वाचता येईना.

"ब्येस केलंस," आक्का म्हणाल्या.

हस्तांतरण शुल्क एक लाख करा, अशीही एक टूम होती. महापालिका हद्दीत 25,000 च्या वर घेता येत नाही आणि देणगी म्हणूनही उकळता येत नाही, एवढं सांगितल्यावर तो विषय बसला. दोनशे दोनचे आजोबा गेले, त्यांच्या फ्लॅटवर धाकट्याचं नामनिर्देशन आहे आणि थोरला रुसलाय. त्यावर नवा कायदा सांगतो की नामनिर्देशित माणूस तात्पुरता सभासद, मालकी वारसांचं ठरेल तशी. हे ऐकून दोघे भाऊ पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले, निदान वाचण्यापुरते.

ही असली भांडणं काही भोसरीचीच नव्हेत. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी काढली, ती आशियातली पहिली मानतात. तिथेही पहिल्याच वर्षी कोणाच्या तरी कुंडीतलं पाणी खालच्याच्या धोतरावर पडलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

"मग काल शेवटी झालं काय?"

शेवटी झालं ते आधीच होणार होतं. सभेला बोलावलं पाचला. दोन तृतीयांश किंवा वीस, यातला लहान आकडा म्हणजे आमची गणपूर्ती वीसची, ती व्हायला सव्वापाच. रविवार असल्याने जनरल शिफ्टवाले आले, वर्कशॉपवाले नाहीत, त्यांची सुट्टी गुरुवारी. चेअरमनना मी आधीच म्हटलं होतं की या गावात रविवार सगळ्यांचा नसतो. मतदानाला उरलेले एकेचाळीस. दुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, म्हणजे अठ्ठावीस. तीस मिळाले. डब्यातल्या सगळ्या सूचना बाजूला ठेवून आदर्श उपविधी जसेच्या तसे मंजूर. आता प्रस्ताव उपनिबंधकांकडे जाईल, त्यांनी नोंदवला की लागू. तोवर चहाचा डाग असलेली पुस्तिकाच चालू.

"मंजी समदं वरडनं फुकाट."

फुकट कसं? दोनशे एकला प्लंबर मिळाला. चारशे चार टेम्पोखाली ताडपत्री अंथरायला कबूल झाले. सहाशे तीनच्या ताईंना आम्ही पुढच्या निवडणुकीत महिलांच्या जागेवर उभं करणार आहोत. मी सुटेन.

मग मी जे बोलायला उतरले होते ते काढलं. शेवटी चेअरमननी आणखी एक गोष्ट सांगितली होती. चौसष्ट घरं, लिफ्ट, टाकी, सगळं आमचं, पण खालची जमीन सोसायटीच्या नावावर झालेलीच नाही. 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने खरेदीखत करून द्यायचं असतं. आमच्या बिल्डरने ऑफिसच बंद केलं. सातबारा काढला तर त्यावर अजून आक्कांच्या मालकांचं नाव. कुत्र्यावर वीस मिनिटं घालवणाऱ्या सभेने यावर तीन मिनिटं दिली, कारण जेवायची वेळ झाली होती. उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं तर कुत्रा कामाचा नाही, हाच कागद लागणार.

"आक्का, सरळ सही मिळाली तर बरं. नाहीतर सहीशिवाय जमीन नावावर करायची, 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागेल. मग तुम्हालाही नोटीस येईल, सुनावणीला जावं लागेल. शेजारी असून नोटीस पाठवायची म्हणजे..."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. पदराने हात पुसले.

"सई काय, देतील की मालक. जमिनीचं पैसं कवाच घेतलं, आता नाव ठिवून काय करायचंय? पन तुमच्या त्या डब्यात माजी बी एक चिठ्ठी टाक."

"तुमची?"

"तुमच्या टाकीचं वाहून जानारं पानी आमच्या मागच्या दारात येतंय, पाच वर्सं झाली. नळी फिरवा म्हनून चेअरमनला दोनदा सांगितलं, त्यो हसून जातो. आदी नळी, मग सई."

ही बारावी सूचना. हिच्यामागे फ्लॅट नंबर नव्हता, गट नंबर होता, आणि डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांत हिचंच वजन जास्त.

"लिहिते. चेअरमनना आजच सांगते."

"सांगू नगस नुसतं, घिऊन ये त्याला. गुरुवारी. माजा पोरगा बी घरी आसतो. आन् येताना आमच्या पोरांवर चिठ्ठी लिहिनाऱ्याला बी आन, च्या पाजते त्याला. अक्षर बघू दे मला."